रिफंड मिळाला, मग हक्क संपला का? रोजच्या प्रश्नाचा संशोधन प्रश्न कसा करायचा



पेटची तयारी करणारे, सिनॉप्सिस लिहायला बसलेले अनेक जण एकच अडचण सांगतात : "विषय आहे, पण प्रश्न सापडत नाही." 'ग्राहक संरक्षण : एक अभ्यास' असा विषय कुणीही सुचवेल. पण तो विषय झाला, संशोधन प्रश्न नाही झाला. प्रश्न सापडतो तो छोट्या जागेत. आज अशीच एक छोटी जागा घेऊ. दुकानातून किंवा ऑनलाइन घेतलेली वस्तू सदोष निघाली, आपण तक्रार केली, पैसे परत आले. आता पुढे काय? ग्राहकाचा हक्क तिथेच संपतो, की काही शिल्लक राहतं?

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. "पैसे मिळाले ना, मग विषय संपला." विक्रेताही हेच म्हणतो. कायदा मात्र हे इतक्या सोप्या शब्दांत म्हणत नाही. लोकांची समजूत आणि कायद्याचा मजकूर यांच्यात जिथे फट असते तिथे चांगला संशोधन प्रश्न दडलेला असतो. म्हणून हा लेख दोन गोष्टी एकदम करतो : रिफंडनंतरच्या हक्कांची माहिती देतो, आणि ती शोधताना पावलं कशी टाकायची तेही दाखवतो.

आधी एक उदाहरण ठरवू

संशोधनात अमूर्त प्रश्नापेक्षा ठोस उदाहरण हातात असलेलं बरं. समजा एका विद्यार्थिनीने ऑनलाइन १,१०० रुपयांचा लॅपटॉप चार्जर मागवला. आठव्या दिवशी त्यातून धूर निघाला, लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला आणि प्लग काढताना तिचा हात भाजला. तिने तक्रार केली. विक्रेत्याने चार दिवसांत १,१०० रुपये परत केले आणि कुरिअरवाला चार्जर घेऊन गेला.

आता हिशोब मांडा. मदरबोर्ड बदलायला २२,००० रुपये. डॉक्टर आणि औषधं १,५०० रुपये. लॅपटॉप नसल्यामुळे दोन आठवडे ऑनलाइन शिकवणी बंद, त्याचे ६,००० रुपये. एकूण २९,५०० रुपये. म्हणजे जे परत मिळालं त्याच्या जवळपास २७ पट नुकसान अजून तिच्याच अंगावर आहे. "पैसे मिळाले ना" हे वाक्य इथे किती अपुरं आहे ते दिसतंय ना? चार्जरची किंमत मिळाली. चार्जरने केलेल्या नुकसानाची भरपाई मिळाली नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढचा सगळा लेख या एका फरकावर उभा आहे.

पायरी १ : प्रश्नाची फोड करा

'रिफंडनंतर हक्क राहतो का?' हा प्रश्न एक दिसतो, पण आत चार प्रश्न आहेत.

१. किंमत परत घेतल्यावर बाकीच्या नुकसानाची भरपाई मागता येते का?
२. 'पूर्ण व अंतिम समझोता' असं लिहून दिलं असेल तर काय?
३. परतावा मिळाल्यावर ती सदोष वस्तू कुणाची? परत करायची जबाबदारी कुणाची?
४. वस्तू परत गेली, तर दोष सिद्ध कसा करायचा?

पहिले तीन प्रश्न कायद्याच्या मजकुराचे आहेत. चौथा पुराव्याचा आहे, आणि प्रत्यक्षात प्रकरण तिथेच अडतं. फोड केल्याचा फायदा हाच, की कुठल्या प्रश्नाला कुठलं साधन लागेल ते आधीच कळतं.

पायरी २ : शब्दांच्या व्याख्या मूळ कायद्यातून घ्या

विज्ञानात आपण 'तापमान' म्हटलं की ते कशाने आणि कसं मोजलं हे सांगतो. कायद्याच्या संशोधनात तेच काम व्याख्येचं कलम करतं. सध्या लागू असलेला कायदा म्हणजे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९. त्याने १९८६ चा जुना कायदा बदलला आणि त्याची बहुतेक कलमं जुलै २०२० पासून लागू झाली. त्यातले तीन शब्द आपल्याला लागतील.

पहिला शब्द 'दोष', कलम २(१०). गुणवत्ता, प्रमाण, शुद्धता किंवा दर्जा यात कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या स्वतःच्या दाव्याने जे अपेक्षित आहे त्यातली कोणतीही उणीव म्हणजे दोष. विक्रेत्याचा दावा इथे मोजला जातो हे लक्षात ठेवा. खोक्यावर 'ओव्हरहीट होत नाही' छापलं असेल तर तो छापील मजकूरही मोजपट्टी आहे.

दुसरा शब्द 'ग्राहक', कलम २(७). ज्याने मोबदला देऊन, किंवा द्यायचं कबूल करून, वस्तू घेतली तो ग्राहक. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने घेतली तर नाही. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतली असेल तर तो व्यापारी हेतू धरला जात नाही. म्हणजे आपली विद्यार्थिनी त्या लॅपटॉपवर शिकवण्या घेत होती एवढ्यावरून तिला ग्राहकाच्या व्याख्येबाहेर काढणं सोपं नाही.

तिसरा शब्द 'हानी', कलम २(२२). हा उत्पादन दायित्वासाठी, म्हणजे सदोष उत्पादनामुळे झालेल्या इजेच्या दाव्यासाठी वापरला आहे. त्यात शारीरिक इजा, आजार, मृत्यू येतात. त्या उत्पादनाखेरीज इतर मालमत्तेचं नुकसान येतं. इजा किंवा नुकसानासोबतचा मानसिक त्रासही येतो. काय येत नाही ते जास्त महत्त्वाचं : खुद्द त्या उत्पादनाचं नुकसान, हमीच्या अटी मोडल्यामुळे मालमत्तेचं झालेलं नुकसान आणि व्यापारी किंवा आर्थिक तोटा.

आता ही व्याख्या उदाहरणाला लावा. चार्जर जळला हे 'हानी'त नाही, पण ती किंमत रिफंडमध्ये आलेलीच आहे. मदरबोर्ड आणि भाजलेला हात 'हानी'त बसतात. बुडालेली शिकवणी मात्र आर्थिक तोटा आहे, त्यामुळे या दारातून आत येत नाही. एकाच घटनेतले चार तोटे, आणि एका व्याख्येने त्यांची विभागणी केली. वाचताना अशी विभागणी कागदावर करत जा. डोक्यात ठेवली की गोंधळ होतो.

पायरी ३ : मजकूर नीट वाचा, एकेक शब्द

पहिल्या उपप्रश्नाचं उत्तर कलम ३९ मध्ये आहे. तक्रार सिद्ध झाल्यावर जिल्हा आयोग काय आदेश देऊ शकतो त्याची ती यादी आहे. दोष काढून द्या. नवी निर्दोष वस्तू द्या. किंमत व्याजासह परत करा. विरुद्ध पक्षाच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानाची भरपाई द्या. उत्पादन दायित्वाची भरपाई द्या. तक्रारीचा खर्च द्या. यादी आणखी पुढे जाते.

पण सगळ्यात मोलाचे शब्द यादीत नाहीत, यादीच्या वर आहेत. आयोग यांपैकी 'एक किंवा अधिक' आदेश देऊ शकतो, असं कायदा म्हणतो. पर्याय म्हणून एकच निवडा असं नाही. किंमत परत करणं आणि नुकसानभरपाई देणं ही दोन स्वतंत्र पोटकलमं आहेत आणि ती एकत्र चालू शकतात. विक्रेत्याने आपणहून किंमत परत केली असेल, तर त्याने यादीतली एक जबाबदारी आधीच पार पाडली एवढाच त्याचा अर्थ निघतो. बाकीची पोटकलमं त्यामुळे आपोआप खोडली जात नाहीत.

रिफंड देणं हा काही विक्रेत्याचा मोठेपणाही नाही. कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देणं ही त्यातली एक. पावतीवर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, लिहिली नसेल तर ३० दिवसांत पैसे परत करायला हवेत. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही काउंटरवरची पाटी सदोष मालाच्या बाबतीत किती टिकते ते यावरून ओळखा.

विरुद्ध बाजूचाही विचार करायला हवा. विक्रेता म्हणू शकतो, "मोबदला परत केला, आता ती ग्राहकच उरली नाही." युक्तिवाद चलाख आहे. पण व्याख्येत 'मोबदला देऊन घेतली' असं आहे, आणि नुकसान झालं त्या दिवशी ती मोबदला दिलेली ग्राहकच होती. नंतरच्या परताव्याने आठव्या दिवशीचा धूर पुसला जात नाही. तुमच्या प्रबंधात अशा प्रतियुक्तिवादाला एक स्वतंत्र परिच्छेद द्या. गाइड आणि परीक्षक दोघेही तेच शोधत असतात.

पायरी ४ : जुना कायदा उघडून बघा

नवा कायदा मिळाला की जुना बघायचाच नाही, अशी सवय बऱ्याच जणांना असते. पण २०१९ च्या कायद्याचं कलम १०० सांगतं की हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांना बाजूला सारून नाही. म्हणून आपण वस्तुविक्री कायदा, १९३० उघडू.

त्याच्या कलम ५९ मध्ये हमीभंगाचे उपाय आहेत. खरेदीदार हमीभंगामुळे किंमत कमी करून घेऊ शकतो, अगदी शून्यावरही आणू शकतो, किंवा भरपाईचा दावा करू शकतो. त्याचंच पोटकलम २ सांगतं, की किंमत कमी किंवा शून्य करून घेतली म्हणून, आणखी नुकसान झालं असल्यास, त्याच हमीभंगासाठी दावा करायला अडथळा येत नाही. हे कलम रिफंडसाठी शब्दशः लिहिलेलं नाही. पण किंमत शून्यावर आणणं आणि किंमत परत मिळणं यांचा परिणाम सारखाच असतो. आपल्या प्रश्नाच्या इतक्या जवळचं कलम नव्वदहून जास्त वर्षं जुन्या पानात पडून होतं!

तिसरा उपप्रश्न म्हणजे वस्तू कुणाची, त्यालाही हाच कायदा मदत करतो. कलम ४३ प्रमाणे, नाकारण्याचा हक्क असताना खरेदीदाराने माल नाकारला, तर वेगळं ठरलेलं नसेल तेव्हा तो माल विक्रेत्याकडे पोचवण्याचं बंधन त्याच्यावर नाही. नाकारल्याचं कळवणं पुरेसं आहे. पण 'वेगळं ठरलेलं नसेल तेव्हा' या शब्दांकडे दुर्लक्ष करू नका. ऑनलाइन खरेदीच्या अटींमध्ये वस्तू परत देण्याची अट बहुतेक वेळा असते, आणि ती आपण टिक करून मान्य केलेली असते.

आणि पैसे परत घेतले, पण वस्तू न्यायला कुणी आलंच नाही तर? ताबा तुमच्याकडे आहे, मालकी नाही. ती विकणं, भंगारात देणं किंवा उघडून सुटे भाग काढणं टाळा. लेखी कळवा, वाजवी मुदत द्या, जपून ठेवा. 'ठेवा तुमच्याकडेच' असं विक्रेत्याने सांगितलं तर ते लेखी घ्या.

इंग्लंडमधला २०१५ चा ग्राहक हक्क कायदा इथे तुलनेला चांगला आहे. ग्राहकाने वस्तू नाकारल्यावर व्यापाऱ्याने परतावा द्यायचा, ग्राहकाने वस्तू नेण्यासाठी उपलब्ध करून द्यायची, आणि परत पाठवण्याचा वाजवी खर्च व्यापाऱ्याचा, असं त्यात एका कलमात लिहिलं आहे. भरपाईसारखे इतर उपाय शिल्लक राहतात, मात्र एकाच नुकसानाचे पैसे दोनदा घेता येत नाहीत, हेही तिथे स्पष्ट आहे. आपल्याकडे हेच उत्तर दोन-तीन कायदे जोडून काढावं लागतं. तौलनिक अभ्यासात 'कुणाचा कायदा चांगला' असं गुणपत्रक द्यायचं नसतं. कोणती गोष्ट कुठे लिहिलेली आहे आणि कुठे अध्याहृत आहे, हे दाखवायचं असतं.

पायरी ५ : निकाल वाचताना दोन प्रश्न विचारा

निकाल वाचताना मी दोन रकाने करायला सांगेन. पहिल्यात 'तत्त्व काय सांगितलं', दुसऱ्यात 'त्या प्रकरणात जिंकलं कोण'. बरेच जण पहिलाच रकाना भरतात.

दुसरा उपप्रश्न घ्या, 'पूर्ण व अंतिम' अशी सही. १९९९ मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध अजमेर सिंग कॉटन अँड जनरल मिल्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर विम्याच्या रकमेच्या अशाच पावतीचा प्रश्न आला. न्यायालयाने सांगितलं की अशी पावती लिहून दिली एवढ्याने ग्राहकाचा तक्रारीचा हक्क दरवेळी जात नाही. ती फसवणुकीने, चुकीच्या माहितीने, अनुचित दबावाने किंवा तत्सम परिस्थितीत घेतली असल्याचं ग्राहकाने दाखवलं तर आयोग दाद देऊ शकतो. हा झाला पहिला रकाना. आता दुसरा : त्या प्रकरणातले तक्रारदार हरले! सही स्वखुशीने केली होती आणि दबावाचा आरोपच त्यांनी तक्रारीत केला नव्हता. म्हणजे तत्त्व ग्राहकाच्या बाजूचं, निकाल विमा कंपनीच्या बाजूचा.

यातून व्यवहारात काय घ्यायचं? रिफंड घेताना समोर आलेला मजकूर वाचा. 'यापुढे कोणताही दावा करणार नाही' असं वाक्य असेल तर ते खोडून 'फक्त वस्तूची किंमत मिळाली, इतर नुकसानीचा दावा राखून' असं लिहा, किंवा तसा ईमेल लगेच पाठवा. दबाव टाकला गेला असेल तर त्याच दिवशी लेखी नोंदवा. सहा महिन्यांनी आठवलेला दबाव फारसा टिकत नाही.

दुसरा निकाल २००४ चा, गाझियाबाद विकास प्राधिकरण विरुद्ध बलबीर सिंग. प्रकरण घर आणि भूखंडांचं होतं. न्यायालयाने भरपाईबद्दल एक विचार मांडला : ताबा मिळतो तिथे वाढलेल्या मालमत्तेच्या रूपाने ग्राहकाला काही तरी मिळतं. पण जिथे नुसते पैसे परत केले जातात, तिथे त्याचं घरही जातं आणि वाढलेल्या किमतीचा फायदाही जातो. म्हणून अशा ठिकाणी भरपाई जास्त असावी लागते. आपल्या प्रश्नासाठी हे वाक्य सोन्यासारखं आहे. रिफंड मिळणं म्हणजे भरपाई कमी होणं असं समीकरण नाही, उलट काही वेळा रिफंड हेच जास्त भरपाईचं कारण ठरतं.

मात्र सावध राहा. भूखंडाची किंमत वर्षागणिक वाढते, चार्जरची नाही. हे तर्कशास्त्र जसंच्या तसं चार्जरला लावता येणार नाही. त्यातलं तत्त्व, म्हणजे परताव्यानंतर ग्राहकाचं नेमकं काय गेलं ते मोजा, एवढं लावता येतं. साम्य कुठपर्यंत चालतं आणि कुठे थांबतं हे स्वतःहून लिहिणारा संशोधक वाचकाचा विश्वास मिळवतो.

पायरी ६ : पुरावा, म्हणजे खरी अडचण

आता चौथा उपप्रश्न. कायदा इथपर्यंत बऱ्यापैकी ग्राहकाच्या बाजूने दिसला. पण दोष आहे हे सिद्ध करायचं काम तक्रारदाराचं. एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या २०२१ च्या निकालात, सेवेतली त्रुटी सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. वस्तूच्या दोषाला वेगळा न्याय लागेल असं मानायला जागा नाही.

नुसतं बघून जो दोष ठरवता येत नाही, त्यासाठी कायद्यात प्रयोगशाळेची सोय आहे. कलम ३८ प्रमाणे आयोग तक्रारदाराकडून नमुना घेतो, तो सीलबंद करतो आणि योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो. प्रयोगशाळेने साधारण ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. चाचणीचं शुल्क तक्रारदाराला भरायला सांगितलं जाऊ शकतं.

या तरतुदीतले 'तक्रारदाराकडून नमुना' हे शब्द पुन्हा वाचा. रिफंडच्या बदल्यात चार्जर कुरिअरवाल्याच्या हातात गेला. नमुना आहे कुठे? आम्हा विज्ञानवाल्यांना याचं गांभीर्य लगेच कळतं. नमुना गेला की निष्कर्ष गेला, मग पद्धत कितीही निर्दोष असो. मदरबोर्ड जळालेला दिसतो, पण तो चार्जरमुळेच जळाला, घरातल्या व्होल्टेजच्या चढउतारामुळे नाही, हे दाखवणारी एकमेव वस्तू आता विरुद्ध पक्षाच्या गोदामात आहे. शिवाय कलम ८७ प्रमाणे गैरवापर किंवा फेरफार केल्याचा बचाव समोरच्याकडे आहेच. १,१०० रुपये देऊन विक्रेत्याने, कळत किंवा नकळत, २९,५०० रुपयांच्या दाव्याचा मुख्य पुरावा परत नेला.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. नुकसान फक्त वस्तूच्या किमतीपुरतं असेल तर खुशाल परत द्या. पण इजा झाली असेल किंवा दुसरी मालमत्ता गेली असेल, तर परत देण्याआधी :

• सर्व बाजूंनी फोटो, व्हिडिओ घ्या. अनुक्रमांक, बॅच क्रमांक, बीआयएसचा शिक्का आणि खोक्यावरचा मजकूर दिसला पाहिजे.
• दुरुस्ती करणाऱ्याकडून 'काय बिघडलं आणि कशामुळे' असं लेखी घ्या. नुसतं बिल पुरत नाही. बदललेला मदरबोर्डही सांभाळून ठेवा.
• डॉक्टरच्या कागदावर इजेचं कारण लिहून घ्या.
• शक्य असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून आधीच तपासणी करून घ्या.
• वस्तू द्यावीच लागली तर 'ही वस्तू पुरावा आहे, नष्ट करू नये' असा ईमेल विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही पाठवा.

दावा कुणावर, हाही प्रश्न येतो. रिफंड विक्रेता देतो, पण उत्पादन किंवा रचनेतल्या दोषाचं दायित्व कलम ८४ प्रमाणे उत्पादकावर आहे. एकाने किंमत परत केली म्हणून दुसऱ्याची जबाबदारी मिटत नाही. बिननावाचा माल असेल आणि उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर कलम ८६ विक्रेत्यालाच जबाबदार धरू देतं.

तक्रारीची यंत्रणा थोडक्यात सांगतो. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची, कलम ६९. रिफंडच्या पाठपुराव्यात, ईमेलच्या देवाणघेवाणीत ही मुदत आपोआप लांबत नाही. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. ५० लाख रुपयांपर्यंत दिलेला मोबदला असलेली प्रकरणं जिल्हा आयोगाकडे जातात, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. त्याआधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ऑनलाइन खरेदीत तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यावं, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात.

पायरी ७ : इथून तुमचा प्रश्न सुरू होतो

आतापर्यंत केलं ते ग्रंथाधारित संशोधन, म्हणजे कायदे आणि निकाल वाचून उत्तर बांधणं. आता अनुभवाधारित संशोधनाकडे वळू. लोक प्रत्यक्षात काय करतात?

पटकन सुचणारी पद्धत म्हणजे आयोगांचे शंभर निकाल काढायचे आणि किती जणांना भरपाई मिळाली ते मोजायचं. यात एक मोठा खड्डा आहे. रिफंड घेऊन जे गप्प बसले ते त्या शंभरांत नाहीतच. आपल्याला ज्यांचा अभ्यास करायचा आहे नेमके तेच लोक नमुन्यातून गायब! याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. आयोगापर्यंत पोचलेल्यांवरून न पोचलेल्यांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरा खड्डा मोजमापाचा. हेल्पलाइनच्या कामाची प्रसिद्धीपत्रकं वाचा. किती कोटींचा परतावा मिळवून दिला हा आकडा त्यात ठळकपणे येतो. तो आकडा उपयोगाचा आहेच, पण परतावा हेच 'निवारण' धरलं, तर आपल्या विद्यार्थिनीचं प्रकरण यशस्वी निवारणात मोजलं जाईल. २९,५०० रुपये कुठल्याच रकान्यात दिसणार नाहीत. तुमच्या अभ्यासात 'निवारण' या शब्दाची कार्यात्मक व्याख्या काय, हे पहिल्या प्रकरणातच ठरवा.

मग सिनॉप्सिससाठी प्रश्न असा लिहिता येईल : 'सदोष विद्युत उपकरणांचा परतावा मिळालेल्या ग्राहकांपैकी ज्यांचं किमतीपलीकडे नुकसान झालं, त्यांनी पुढे दावा केला का, आणि केला नसल्यास कारणं कोणती?' यात लोकसंख्या ठरलेली आहे, अट ठरलेली आहे, आणि मोजायची गोष्टही ठरलेली आहे. गृहीतक सुचतं : वस्तू परत गेल्यामुळे पुरावा नसणं हे कायद्याच्या अज्ञानाइतकंच मोठं कारण आहे. हे चूकही ठरू शकतं. चूक ठरू शकतं म्हणूनच ते गृहीतक आहे. 'ग्राहकांमध्ये जागृतीची गरज आहे' हे वाक्य कधीच चूक ठरत नाही, म्हणून ते गृहीतक नव्हे. निबंधात चालेल, प्रबंधात नाही.

शेवटी, सरावासाठी

खालच्या तीन प्रसंगांत किमतीपलीकडचं नुकसान कोणतं, ते कुठल्या कलमाखाली मागता येईल आणि पुरावा कुणाच्या ताब्यात आहे, असे तीन रकाने करून भरा.

१. फ्रीज बिघडला, किंमत परत मिळाली. पण बसवणावळ आणि हप्त्यांवरचं व्याज मिळालं नाही.
२. प्रेशर कुकरचं झाकण उडालं, ओटा फुटला, कुणाला लागलं नाही. दुकानदाराने पैशांऐवजी दुकानाचं कूपन दिलं.
३. बियाणं उगवलंच नाही. कंपनीने पिशवीची किंमत परत केली, पण हंगाम गेला.

तिसरा प्रसंग मुद्दाम शेवटी ठेवलाय. पिशवीची किंमत काही हजार, हंगाम काही लाखांचा, आणि नमुना तर जमिनीत पेरून संपलेला. रिफंड आणि भरपाई यांतलं अंतर कोरडवाहू शेतकऱ्याच्या बाबतीत किती होतं याचा हिशोब करून बघा. कदाचित तुमचा प्रबंधाचा विषय तिथेच सापडेल.